विहीणबाई, गुडघा आणि ब्रशलेस मोटर

७ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका, सगळे जागच्या जागी आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि एकाच वेळी गप्प होतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. शिवाय आमच्या शाळेत सिस्टर पत्रलेखनाचा तास घ्यायच्या. डावीकडे दोन बोटं समास, खाडाखोड नाही, आणि नाजूक गोष्ट नेहमी तिसऱ्या परिच्छेदात. ती सवय आता या वयात कुठे मोडू?

लेक सुखरूप पोचली. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. हे दिवसभर पाय स्टुलावर ठेवून बसतात आणि खेळण्यातली गाडी चालवतात. थट्टा करत नाहीये. निवृत्तीच्या वेळी ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, भेट काय देऊ? हे जन्मभर ऑडिटर. म्हणाले, ज्यावर सही करावी लागणार नाही असं काहीही द्या. त्यांनी रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक दिला. बोक्याएवढं धूड, आणि त्याला भोपळ्याएवढी चाकं. सध्या त्याच्या टपावर 'चहा' अशी चिठ्ठी चिकटवून हे तो स्वयंपाकघरात पाठवतात. मी चिठ्ठीमागे 'नाही' लिहून परत पाठवते.

तर, गुडघ्याला वेळ लागेल असं दिसतंय. लेक अजून थोडी राहिली तर तुमची अडचण होणार नाही ना? कारखाना तिला इथून लांब पडतो, उजाडायच्या आत निघते, पण बापावर भारी जीव.

जावईबापूंना आशीर्वाद, व्याह्यांना नमस्कार.

मुलीची आई


१५ फेब्रुवारी

मुलीच्या आईस मुलाच्या आईचा नमस्कार.

तुमचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी ते काउंटरवर उघडलं, तर डोळे तपासायला बसलेल्या बाई तक्ता सोडून तेच वाचायला लागल्या. 'गुडघा' हा शब्द त्यांना लांबून स्वच्छ दिसला, म्हणजे चष्म्याची गरज नव्हती. एक गिऱ्हाईक गेलं. यापुढे वरच्या घराचा पत्ता घाला.

व्याह्यांच्या गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं. रोज शेक द्या. माझ्या थोरल्या जावेचा गुडघा तीन आठवड्यांत चालता झाला होता, आणि तिचं वजन तुम्ही पाहिलंय.

एक विचारते, राग मानू नका. सूनबाई जाताना दोन मोठ्या बॅगा घेऊन गेली. वर इस्त्री घेऊन गेली. गुडघ्याला इस्त्री लागते हे मला नवीन आहे. इथून तिचा पंपांचा कारखाना अर्ध्या तासावर, तुमच्याकडून दीड तास. अख्ख्या कारखान्याची मुख्य झाल्यापासून ती आधीच दमते, तर हा रोजचा तीन तासांचा हेलपाटा कोणत्या विश्रांतीसाठी? आम्ही तिला काही कमी केलेलं नाही. कपबशी उचलू देत नव्हते मी. तिचं ताट मी वाढायचे, ती जेवेपर्यंत समोर बसून राहायचे. सख्खी आई तरी बसते का?

चिरंजीव बरे आहेत. बोलत नाहीत, पण ते लहानपणापासूनच. दिवसभर मागच्या खोलीत काचा घासतो. दुकानातल्या मखमली अस्तराच्या चांगल्या डब्या मात्र कमी होताहेत. विचारलं तर म्हणतो, गिऱ्हाइकांना दिल्या. असं कोण गिऱ्हाईक आहे ज्याला चष्मा न घेता डबी मिळते, ते मी शोधून काढीन.

ती कधी येणार तेवढं कळवा. काउंटरवर लोक विचारतात.

मुलाची आई


२८ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

गुडघ्यावर अजून सूज आहे. शेक चालू आहे.

लेकीचं म्हणाल तर ती विश्रांतीच घेतेय, फक्त तिची विश्रांती जरा आवाज करते. एका रविवारी तिनं ह्यांची गाडी उचलली, उलटी केली आणि म्हणाली की मोटर जुन्या पद्धतीची आहे. आत कार्बनचे दोन ठोकळे सतत घासत असतात, त्यांना ब्रश म्हणतात. घासतात, तापतात, झिजतात. त्याऐवजी ब्रशलेस मोटर घालू, तिच्यात घासणारं काही नाही, निम्म्या श्रमात दुप्पट ताकद. ह्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मोटर आली. ती आली म्हणून नवा स्पीड कंट्रोलर आला. कंट्रोलर आला म्हणून लिथियमची बॅटरी आली, आणि ती चार्ज होताना पेट घेऊ शकते म्हणून माझी मोठी मातीची कुंडी रिकामी झाली. आता माझं जास्वंद बादलीत आहे आणि बॅटरी कुंडीत. नव्या मोटरीला तीन वायरी असतात. पहिल्यांदा चालू केली तर गाडी उलटीच सुटली आणि चपलांच्या कपाटात घुसली. मला वाटलं बिघडली. लेक म्हणाली, बिघडली नाही, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा फिरते. आणि फिरली. अशी सोय माणसांत असती तर किती पत्रं वाचली असती.

मग काय सांगू, गाडी जी सुटली ती अंगण ओलांडून फाटकापर्यंत, आणि हे तिच्यामागे धावत.

एक विचारायचं होतं, आपल्यातच ठेवा. लेकीला टपालानं चष्म्याची डबी आली. छान, गडद लाल मखमलीची. मी पाहतेय म्हटल्यावर तिनं ती लगेच खोलीत नेली. तिचे डोळे बिघडलेत का? व्याह्यांनी कधी तपासले होते का? कारखान्यात डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं, म्हणून काळजी वाटते.

मुलीची आई


९ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

व्याह्यांचा गुडघा सुजलेल्या अवस्थेत फाटकापर्यंत धावला हे वाचून आनंद झाला. डॉक्टरांचा पत्ता पाठवा, माझ्या जावेला नेते.

सूनबाईच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. गडद लाल मखमल आमचीच. तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गिऱ्हाईक सापडलं. चिरंजीव स्वतः पोस्टात जातात, आणि मी मेली इतके दिवस भलतंच मनात आणून झोप घालवत होते. कुणी टायपिस्ट असेल, कुणी नर्स असेल, इथवर माझी मजल गेली होती.

तरी खात्री करायला, तो जेवायला वर आला तेव्हा मी त्याच्या टेबलावरची बांधलेली डबी सोडली. आईनं मुलाची डबी सोडली तर त्याला चोरी म्हणत नाहीत. आत कोटाच्या बटणाएवढं दातेरी चाक, पोलादी, कापसात गुंडाळलेलं. चिठ्ठी नाही. एक ओळ नाही. 'कशी आहेस' नाही. बायकोला माणूस चाक पाठवतो, विहीणबाई. ह्यांनी मला लग्नाआधी पाठवलेल्या पत्रांत निदान हवामान तरी असायचं.

मी त्याला काही बोलले नाही. डबी होती तशी बांधून ठेवली. पण जेवताना विचारलं, तिचं आणि तुझं भांडण झालंय का? नाही म्हणाला. माझ्याशी झालंय का? त्यावर त्यानं पाणी मागितलं. त्याचा पेला भरलेला होता.

आत घासणारं काही नाही म्हणून मोटर चांगली, असं तुम्ही लिहिलंत. चार भांडी घासल्याशिवाय कुठलं घर चालतं ते मला सांगा. आणि मी घासले तरी कधी? तिला एका शब्दानं बोलले असेन तर तुम्हीच विचारा तिला.

मुलाची आई


१९ मार्च

विहीणबाई,

गुडघ्याचा विषय मी संपवते. तो महिनाभरापूर्वीच बरा झाला. पत्रात तो सुजवत ठेवण्याचं काम माझं होतं आणि ते मी खाडाखोड न करता केलं.

तुम्ही म्हणालात म्हणून मी लेकीला विचारलं. आधी तिला कुठे गाठलं ते सांगते. नव्या मोटरीनं पहिल्याच आठवड्यात प्लॅस्टिकच्या गिअरचे दात खाल्ले. पोलादी गिअर घातला (तो तुमच्याकडूनच डबीतून आला) तर ॲक्सल वाकला. ॲक्सल बदलला तर टायर फुगून रिंगमधून निसटला. एक मजबूत केलं की जोर पुढच्यावर जातो. हे रोज नव्या उत्साहानं विचारतात, आता काय तुटेल? निवृत्त ऑडिटरला याहून मोठं सुख नाही.

तर ती पायरीवर बसून गिअर लावत होती. मोटरीचा छोटा गिअर आणि समोरचा मोठा गिअर, यांचे दात एकमेकांत अडकवायचे असतात. अगदी घट्ट बसवले तर किंचाळतात आणि तापतात, सैल ठेवले तर दात मोडतात. म्हणून दोघांच्या मधे कागदाची पट्टी घालायची, स्क्रू आवळायचे आणि मग पट्टी ओढून काढायची. तेवढीच फट हवी. पट्टी मी ओळखली. तुमच्या पत्राचा समास होता तो. म्हणजे ती आपली पत्रं वाचते. मी रागवायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "तू सुजवलेला गुडघा मी पहिल्यापासून वाचतेय."

मग मी विचारलं, सासूबाई काय बोलल्या तुला? ती म्हणाली, काहीच नाही, कधीच नाही. आणि मग सांगितलं. मुख्य झाल्यानंतरच्या पंधरवड्यात एकदा ती घरी जेवत होती. फोन वाजला. तुम्ही तो तिच्या हाताशेजारून उचललात, 'जेवतेय' म्हणालात, आणि बंद करून फडताळात ठेवलात. त्यानंतर तिला डोळा लागला. कारखान्यात मोठा पंप चाचणीच्या वेळी तापला होता, तो थांबवायचा की नाही हे फक्त ती सांगू शकत होती. तो जळाला. कुणाला इजा झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, की तुमचा फोन घरात नक्की कोण सांभाळतं? तिनं तुमचं नाव घेतलं नाही, अजूनही घेत नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि जावईबापू म्हणाले, आईचा हेतू चांगला होता. त्याच आठवड्यात ह्यांचा गुडघा ठरला.

नवी मोटर आल्यावर जुने गिअर कसे पुरणार, असं मला त्या पायरीवर बसून वाटून गेलं. राग मानू नका.

मुलीची आई


२३ मार्च

विहीणबाई,

फोन मी बंद केला. ताट गार होत होतं. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पंप जळाल्याचं मला आज कळतंय, तेही टपालानं.

मला गिअर म्हणू नका. जुना तर नाहीच नाही.

पत्रं थांबवू या. समास कापून नेण्याइतकाच त्यांचा उपयोग असेल, तर कोरा कागद पाठवते.

मुलाची आई


८ एप्रिल

विहीणबाई,

तुम्ही थांबवा म्हणालात, पण मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. उत्तर देऊ नका हवं तर.

तुमचं शेवटचं पत्र आल्यावर मी फुगून बसले होते. वाटत होतं, मी खरं बोलले, त्यांना झोंबलं, ठीकच झालं. लेकीच्या बाजूनं एक आई तरी नीट उभी आहे. मग गेल्या आठवड्यात एकदा सकाळी ती आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. तिचा डबा भरत होते, तसाच एका हातानं उचलला. म्हटलं, आंघोळीला गेलीय, पाच मिनिटांनी करा, आणि अहो, तिला रोज इतक्या लवकर बोलावत जाऊ नका, तब्येत किती उतरलीय तिची. पलीकडे तिचे मालक होते.

ती ओल्या केसांनी दारात उभी राहून ऐकत होती. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "आई, दोन घरं झाली. आता तिसरं शोधते." मी म्हटलं, अगं, त्यांनी फोन बंद केला होता, मी नुसता उचलला. त्यावर ती हसली. ते हसू मला अजून टोचतंय. मी तुम्हाला चार पानं शिकवण लिहिली, विहीणबाई, आणि तोवर माझाच हात फोनकडे निघाला होता. आमच्या सिस्टर असत्या तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

रविवारी जावईबापू आले. तुम्हाला सांगून आले का ते मला ठाऊक नाही. मी चहा नेला तर दोघं पायरीवर, मधे गाडी पोट उघडून पडलेली. तासभर त्यांच्यात 'बारीक पेचकस दे' आणि 'धर' यापलीकडे शब्द नाही. मी खिडकीत उभी होते, कबूल करते. मग तिनं मान वर न करता विचारलं, "हेतू चांगला होता, हे तू आईंबद्दल म्हणालास. मी कशी होते, ते कधी विचारलंस?" त्यानं पेचकस खाली ठेवला. म्हणाला, "मला घाबरायला झालं होतं. तुला बरोबर म्हटलं असतं तर मला खाली जाऊन आईशी बोलावं लागलं असतं." ती म्हणाली, "मग?" तो म्हणाला, "बोलतो."

काय बोलणार आहे ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. तो स्वतः सांगेल. तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडलेलं नाही. मी तिला म्हटलं, असं करू नकोस, त्यांचं घर मोडल्याचं पाप आपल्या माथी येईल. आणि खरं सांगू? पापाबरोबर हेही मनात होतं की ती गेली की इथे संध्याकाळी पुन्हा आम्ही दोघंच.

मुलीची आई


२० एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

उत्तर देऊ नका म्हणालात म्हणूनच देतेय.

तो बोलला. दुकान बंद करून वर आला, जेवायला बसला नाही, उभ्यानंच बोलला. मागच्या गल्लीत, शिंप्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या पाहिल्यात. दुकानात रोज येईन, काम तेच, पण राहायला तिथे, दोघं. सगळं एका दमात. लहानपणी पाढे म्हणायचा तसं, मधे थांबलं तर विसरेल म्हणून.

मी विचारलं, माझं काय चुकलं ते सांग. वाटलं, म्हणेल 'काही नाही गं'. तो म्हणाला, "तू आमच्यावर इतकी माया करतेस की आम्हाला हात हलवायला जागा उरत नाही." विहीणबाई, मी पस्तीस वर्षं ज्याच्या ताटासमोर बसले त्यानं मला हे सांगितलं, आणि मी ताट उचलून आत गेले. ताट रिकामं होतं, वाढलंच नव्हतं.

हे महिन्यातून एखादं वाक्य बोलतात. ते त्या दिवशी बोलले. म्हणाले, चष्म्याची काच डोळ्याला चिकटवत नाहीत, थोडी लांब धरली तरच दिसतं. मी म्हटलं, मग त्या बुबुळावर चिकटवायच्या लेन्स विकता कशाला? हल्ली सगळ्यांनाच दृष्टान्त सुचायला लागलेत. तुम्हाला गिअर, ह्यांना काच. मला फक्त दोन खोल्या दिसतात, आणि आमच्या गच्चीतून तिथली कपडे वाळत घालायची दोरी दिसते. काय धुतलं, काय नाही, सगळं दिसेल. ही जागा त्यांनी मुद्दाम निवडली की चुकून, ते मला कळत नाही.

फोनचं तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा फार बरं वाटलं. दुसऱ्यांदा तुमची दया आली. 'नुसता उचलला' हे तुमचं वाक्य एखाद्या वकिलालाही सुचलं नसतं.

काउंटरवर सांगायला मी ठरवलंय, सूनबाईच्या हुद्द्याला शोभेल अशी स्वतंत्र जागा आम्हीच घेऊन दिली. तुम्हीही हेच सांगा. दोन्हीकडे एकच हकीकत हवी.

मुलाची आई


३ मे

विहीणबाई, नमस्कार.

हकीकत सांगायला सुरुवात केली आहे. आमच्या शेजारणीनं विचारलं, किती खोल्या? मी म्हटलं, दोन, पण मोठ्या. तुम्ही चार सांगत असाल तर वेळीच कळवा.

लेक गेली. दोन बॅगा आणि इस्त्री. मी डाळींच्या बरण्या, चादरी, दोन पातेली, पोळपाट, पायपुसणी आणि घड्याळ बांधून दिलं. तिनं पायपुसणी आणि एक पातेलं ठेवलं, बाकी परत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, 'लागेल तेव्हा मागेन'. मी ती चिठ्ठी जरा जास्तच वेळ हातात धरून उभी होते. तुमच्याकडूनही एक टेम्पो गेला असं ऐकलं. त्यातलं किती परत आलं ते विचारत नाही.

गाडी ती घेऊन गेली. ह्यांनी स्वतःहून दिली. फाटकाशी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, ऑडिट पूर्ण, आता तुटण्यासारखं काही उरलेलं नाही. ती रिक्षात बसेपर्यंत छान हसत होते. आता दुपारी रिकाम्या कुंडीकडे बघत बसतात. जास्वंद मी परत लावलं तर म्हणाले, घाई केलीस.

पहिल्या आठवड्यात जावईबापूंनी भात करपवला आणि तिनं तो खाल्ला, एवढी बातमी मला मिळाली. बाकी ती फोनवर 'मजेत' म्हणते आणि ठेवते. तुम्हाला मात्र तिनं खोलीची एक किल्ली दिली म्हणे. जवळ राहता म्हणून, अडीअडचणीला. मला दिलेली नाही, मी लांब. माझं मन किती कोतं आहे पाहा, दोन दिवस मी त्या किल्लीवर जळतेय.

तुम्ही गेलात का तिकडे? कसं आहे? मला खरं लिहा, काउंटरवरचं नको.

मुलीची आई


१६ मे

विहीणबाई, नमस्कार.

खरं लिहिते. टेम्पोतलं गाद्या सोडून सगळं परत आलं.

किल्ली दिली त्या दिवसापासून ती माझ्या पर्समधे आहे. पहिल्या दिवशी मी ती घेऊन शिंप्याच्या दुकानापर्यंत गेले होते. ती दोघं कामावर होती. ओटा पुसून, भांडी लावून यावं, कुणाला कळलंही नसतं. शिंप्यानं वर बघितलं आणि म्हणाला, बसा ना. मी म्हटलं, ब्लाउजचं माप द्यायला आले. आता एक ब्लाउज शिवतोय तो, नको असलेला.

काल रविवार, दोघं घरात असणार म्हणून गेले. डबा नेला. तिसरा मजला, जिना अरुंद. दाराशी पोचले आणि बेल वाजवली. आतून जो आवाज येत होता तो तुम्ही पत्रात लिहिला नव्हता. किंकाळी आणि शिट्टी यांच्या मधलं काहीतरी, आणि मधूनमधून भिंतीवर धप्प. घरात मोटार चालवत होती दोघं. बेल कुणाला ऐकू जाणार? माझा हात पर्सकडे गेला. किल्ली बोटांना लागलीसुद्धा. जन्मात मी माझ्या मुलाच्या दाराबाहेर थांबलेले नाही, विहीणबाई. त्याच्या न्हाणीघराचंही दार मी वाजवलेलं नाही.

मी पर्स बंद केली आणि पायरीवर बसले.

वरच्या मजल्यावरच्या एक बाई खाली उतरत होत्या. विचारलं, कोण हवंय? मी म्हटलं, कुणी नाही, दमले म्हणून टेकले. त्या गेल्या. आतून सूनबाईचा आवाज आला, "अरे, सोफा असता तर गेलाच होता," आणि मग ती दोघं इतकी हसली. आमच्याकडे तीन वर्षांत ती अशी हसल्याचं मला आठवत नाही. मी आठवून पाहिलं, बराच वेळ होता हातात. डबा गार झाला. मी त्याच्यावर हात ठेवून बसले होते, तरी झाला.

मग धाडकन काहीतरी दारावर आपटलं आणि दार उघडलं. सूनबाई. पायाशी ती गाडी उताणी, चाकं हवेत गरगर फिरतायत. मला पाहून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आई, कधीच्या बसलाय? किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "आहे."

ती पुढे आली. जिन्यातच खाली वाकली, आधी वाटलं गाडी उचलतेय, पण तिनं माझा डबा उचलला. दुसरा हात मला दिला. पायरी खोल होती, तो लागलाही.

त्यांच्या घरात खुर्ची एकच आहे. तिच्यावर मला बसवलं. ती दोघं खाली चटईवर बसून गार जेवली, आणि गरम करून देते असं मी म्हणाले नाही. आमच्या माळ्यावर सहा खुर्च्या नुसत्या पडून आहेत. चांगल्या आहेत, शिसवी. दोन पाठवू का, हे अगदी ओठांवर आलं होतं.

विचारलं नाही.

तुमची विहीण